बसलेली गाय उठते तेव्हा: पेशी, ऊती, अवयव आणि अवयवसंस्था

बारावीतल्या एका मुलीचा प्रश्न आहे. घरी सहा संकरित गाई आहेत. ती लिहिते, "पेशी, ऊती, अवयव, अवयवसंस्था, शरीर हा क्रम तोंडपाठ आहे, आकृत्याही काढता येतात. पण गोठ्यात गाय समोर उभी असते तेव्हा यातलं काहीच दिसत नाही. डॉक्टर जनावर तपासताना खरंच हा क्रम मनात धरतात का, की तो फक्त पेपरापुरता असतो?"

धरतात. रोज धरतात, फक्त उलटा. पुस्तक पेशीपासून वर चढत जातं आणि आम्ही जनावरापासून खाली उतरतो. अठ्ठावीस वर्षं गोठ्यांत फिरून मला एवढं पक्कं कळलंय की दुखणं दिसतं एका पायरीवर आणि बिघाड असतो भलत्याच पायरीवर. तो कुठल्या पायरीवर आहे हे ओळखणं हेच आमचं निम्मं काम. तुझ्या घरी गाई आहेत, म्हणून गाईवरूनच सांगतो.

रात्री साडेअकराला फोन येतो. "डॉक्टर, गाय बसलीय, उठंना. सांजच्याला व्यालीय." चौथ्या वेताची, चांगली वीस-बावीस लिटरची गाय. जाऊन बघावं तर ती मान वळवून तोंड बरगडीपाशी टेकवून बसलेली. नाकपुडी कोरडी. कान हातात घेतले तर गार. बॅटरी मारली तरी बाहुल्या मोठ्याच राहतात. डाव्या भकाळीवर, म्हणजे बरगडीमागच्या खळग्यावर, मूठ दाबून धरली तर पोटाची लाट येत नाही. शेण दुपारपासून नाही. थर्मामीटर लावला तर पारा ९९ च्याही खाली. मालक सांगतो, "वेताना कंबर मोडली असणार."

आता क्रम लाव. पाय उचलत नाहीत, म्हणजे हाडांचा आणि स्नायूंचा प्रश्न? पोट हलत नाही, म्हणजे पचनसंस्था? कान गार, म्हणजे रक्ताभिसरण? मान वाकडी आणि नजर मंद, म्हणजे चेतासंस्था? एका रात्रीत चार संस्था स्वतंत्रपणे बिघडत नाहीत. म्हणून एक पायरी खाली उतरायचं आणि विचारायचं, की या सगळ्यांत समान काय आहे? पायात स्नायू, पोटाच्या भिंतीत स्नायू, रक्तवाहिन्यांच्या भिंतीत स्नायू, बाहुली लहान करणाराही स्नायूच. म्हणजे गोष्ट स्नायू ऊतीपाशी, किंवा तिला हुकूम देणाऱ्या चेतातंतूपाशी येऊन थांबते. आणखी एक पायरी खाली उतरलं की पेशी. कुठलीही स्नायूपेशी आकुंचन पावायला कॅल्शियम लागतं, आणि चेतातंतूच्या टोकाने स्नायूला निरोप द्यायलाही कॅल्शियमच लागतं. गाईच्या १०० मिलिलिटर रक्तद्रवात ते साधारण ९ ते १० मिलिग्रॅम असतं. अशा बसलेल्या गाईत ते ५ च्या आसपास किंवा त्याहूनही खाली गेलेलं सापडतं.

याला दुग्धज्वर म्हणतात, आणि हे नाव फसवं आहे. यात ज्वर नसतो, उलट अंग गार पडतं. नावावर जाऊन तापाचं इंजेक्शन टोचलेल्या गाई मी पाहिल्यात.

पेशीत नेमकं काय अडतं ते थोडं थांबून बघू. चेतातंतू स्नायूला चिकटलेला नसतो, मध्ये बारीक फट असते. तंतूच्या टोकात ॲसिटिलकोलिन नावाच्या रसायनाच्या बारीक पिशव्या भरून ठेवलेल्या असतात. मेंदूकडून संदेश आला की बाहेरचं कॅल्शियम तंतूच्या टोकात शिरतं, आणि ते शिरल्यावरच पिशव्या फुटून रसायन फटीत सांडतं. बाहेर कॅल्शियमच कमी असेल तर पिशव्या कमी फुटतात, संदेश अर्धामुर्धा पोचतो. पायाचे पट्टकी स्नायू स्वतःच्या पेशीत कॅल्शियमचा साठा बाळगून असतात, पण संदेशच आला नाही तर साठ्याचं कुलूप उघडणार कोण? पोटाच्या आणि गर्भाशयाच्या अपट्टकी स्नायूंचं तर आणखी अवघड, कारण ते बाहेरून येणाऱ्या कॅल्शियमवरच जास्त अवलंबून असतात. म्हणून पोट आधी मंदावतं आणि गाय नंतर बसते. मालकाला मात्र गाय बसलेलीच दिसते, आदल्या संध्याकाळी तिने वैरण अर्धी टाकली होती हे विचारल्यावर आठवतं.

मग हे कॅल्शियम गेलं कुठे? चिकात. गाईच्या चिकात लिटरला साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असतं. १० लिटर चीक निघाला तर २० ग्रॅम गेलं. आणि गाईच्या सगळ्या रक्तद्रवात मिळून एका वेळी असतं सुमारे ३ ग्रॅम. म्हणजे एका धारेला रक्तातल्या साठ्याच्या सहा-सात पट माल बाहेर. हा हिशेब मी प्रत्येक मालकाला बोटांवर मोजून दाखवतो, कारण तो कळला की कंबर मोडल्याचा गैरसमज आपोआप जातो.

खरं तर गाय गरीब नाही. तिच्या शरीरातलं ९८ टक्क्यांहून जास्त कॅल्शियम हाडांत आहे, किलोंनी आहे. अडचण आहे ते वेळेवर काढण्याची. आणि इथे तुझ्या पुस्तकातल्या अवयवसंस्था कशा एकमेकींत गुंतलेल्या आहेत ते बघ. गळ्यात थायरॉइडजवळ पॅराथायरॉइड नावाच्या चार बारीक ग्रंथी असतात. त्यांच्या पेशींना रक्तातलं कॅल्शियम उतरलेलं कळतं आणि त्या संप्रेरक सोडतात. ते संप्रेरक मूत्रपिंडाला सांगतं, लघवीतून कॅल्शियम जाऊ देऊ नकोस, आणि 'ड' जीवनसत्त्वाला कामाच्या रूपात आण. ते तयार झालेलं 'ड' आतड्याच्या अभिस्तर पेशींना जागं करतं, की वैरणीतलं कॅल्शियम जास्त ओढा. तेच संप्रेरक हाडाला सांगतं, साठा सोड. आता मला सांग, ही कुठली अवयवसंस्था झाली? अंतःस्रावी? उत्सर्जन? पचन? अस्थिसंस्था? चारही. पुस्तकातल्या चौकटी शिकवण्याच्या सोयीसाठी आखलेल्या असतात. त्या खोट्या नाहीत, पण जनावर त्या चौकटींत राहून जगत नाही.

या साखळीला वेळ लागतो. आतडं जागं व्हायला साधारण एक दिवस, हाड मोकळं व्हायला दोन. चीक मात्र आजच निघतो. पहिल्या वेताच्या कालवडीचं हाड अजून वाढतं असतं, त्यात रोजची घेवाणदेवाण चालू असते, म्हणून ती सहसा बसत नाही. तिसऱ्या-चौथ्या वेताची, भरपूर दुधाची गाय बसते. व्यायच्या आधीच्या महिन्यात भरपूर कॅल्शियम पाजायची आपल्याकडे फार हौस आहे. बाटल्यांवर बाटल्या संपवतात. माया म्हणूनच करतात ते, पण त्यामुळे त्या चार ग्रंथींना काम उरत नाही आणि ऐन वेळी त्या झोपलेल्या सापडतात. कॅल्शियम व्याल्यानंतर. आधी काय द्यायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

आता परत गोठ्यात. कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची ४५० मिलिलिटरची बाटली कोमट पाण्यात ठेवून अंगाच्या उबेला आणायची, मानेच्या शिरेत सुई लावायची आणि थेंबाथेंबाने सोडायची. एक कान स्टेथोस्कोपला, म्हणजे गाईच्या हृदयाला. हृदयाचा स्नायूही कॅल्शियमवरच चालतो, आणि घाईने सोडलं तर तो जाग्यावर थांबतो. म्हणून दहा-पंधरा मिनिटं, कधी जास्तही. हे काम घरच्या घरी कुणी करू नये, ते याच कारणाने.

बाटली अर्धी संपते तोवर जे दिसतं ते मी इतक्या वेळा पाहिलंय, तरी अजून त्याच लक्षाने बघतो. आधी पार्श्वभागाच्या आणि मांडीच्या कातडीखाली बारीक थरथर सुरू होते. वाऱ्याने तळ्याच्या पाण्यावर उठावी तशी. ती म्हणजे पेशींची सुरुवात: एकेक स्नायूतंतू आपापल्या वेळी आकुंचन पावतोय, अजून एकजूट नाही. मग ढेकर येते. एक आंबूस, लांब ढेकर. पोटाची भिंत अवयव म्हणून एकत्र हलली, कोंडलेला वायू वर आला. मग नाकावर घामाचे थेंब जमतात, आकाशकंदिलावर दव पडावं तसे. मग शेण टाकते, बहुतेकदा घट्ट गोळा. आणि मग कधी बाटली संपता संपता, कधी तासाभराने, गाय मागचे पाय गोळा करते, गुडघ्यांवर येते आणि उभी राहते. उभं राहताना हाडं, सांधे, स्नायू, चेता, रक्तदाब, डोळे आणि कानातलं तोलाचं इंद्रिय सगळं एका वेळी लागतं. तुझा पाठ केलेला क्रम, पेशी ते शरीर, अर्ध्या तासात डोळ्यांसमोर घडतो. मी तुला हेच दाखवायला बोलवलं असतं, पण या वेळा रात्रीच्याच असतात.

ऊती मात्र गोठ्यात दिसत नाहीत, हे तुझं म्हणणं खरं. त्या स्वयंपाकघरात दिसतात. घरी मटण होत असेल आणि कधी वजडी आणली असेल तर ती साफ करताना बस. वजडी म्हणजे बोकडाचं पोट, आणि बोकडाच्या पोटाची रचना गाईच्या पोटासारखीच, आकार तेवढा लहान. चार कप्पे. सगळ्यांत मोठं कोटीपोट, आतून टर्किश टॉवेलसारखं. त्याला लागून जाळीपोट, आतून मधमाशांच्या पोळ्यासारख्या षटकोनी खणांचं. मग पडदेपोट, वहीच्या पानांसारखे पडदे असलेलं. शेवटी खरं पोट, गुळगुळीत, आपल्या जठरासारखं आम्ल पाझरवणारं.

आजी वजडी गरम पाण्यात बुडवते, चुना लावते आणि सुरीच्या पाठीने खरवडते. काळपट साल निघून खालून पांढरं येतं. ती काळपट साल म्हणजे अभिस्तर ऊती. पेशींचे थरावर थर, वरचे थर त्वचेसारखे कडक झालेले, कारण त्यावर रोज कडबा घासतो. खालचं पांढरं, चिवट, दाताला न तुटणारं ते संयोजी ऊतीचं अस्तर, त्यात रक्तवाहिन्या. त्याच्याही बाहेर गुलाबी पट्टे दिसतील, ते अपट्टकी स्नायू. दोन थर असतात आणि दोघांचे धागे वेगवेगळ्या दिशांना जातात. हाताने ओढून बघ, एका दिशेने सहज सुटतात, दुसऱ्या दिशेने सुटत नाहीत. चौथी, चेता ऊती, डोळ्यांना दिसणार नाही. ती स्नायूंच्या थरांच्या मध्ये जाळ्यासारखी पसरलेली असते.

पाया शिजवताना पाणी चिकट होतं, बोटांना बोटं चिकटतात, ते संयोजी ऊतीतलं कोलॅजेन विरघळून जिलेटिन झाल्यामुळे. त्याच भांड्यात स्नायू मात्र विरघळत नाही, त्याचे धागे होतात. म्हणजे नुसतं शिजवूनही दोन ऊती वेगळ्या ओळखता येतात. झेवियर बिशा नावाच्या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १८०० सालाच्या आसपास पॅरिसमध्ये जवळजवळ हेच केलं. शवांचे भाग त्याने उकळले, वाळवले, पाण्यात कुजवले, आम्लात घातले आणि एकासारखे वागणारे भाग एका गटात टाकले. सूक्ष्मदर्शकावर त्याचा भरवसा नव्हता. तरी त्याने २१ प्रकारच्या ऊती मोजल्या, आणि १८०२ मध्ये वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी तो गेला. प्राण्यांचं शरीर पेशींचं बनलेलं असतं हे थिओडोर श्वानने मांडलं १८३९ मध्ये. म्हणजे प्राण्यांच्या ऊती आधी ओळखल्या गेल्या, त्या पेशींच्या बनलेल्या असतात हे नंतर कळलं. पुस्तकातला क्रम हा समजावण्याचा क्रम आहे, शोधाचा नाही. आज त्या २१ प्रकारांचे चार गट करतो, पण दुखणं अवयवात नसून त्यातल्या एका ऊतीत असू शकतं, ही दृष्टी त्याचीच.

ती रोज लागते. 'पोट बिघडलं' हे मालकाचं वाक्य आहे. माझा प्रश्न असतो, पोटातली कुठली ऊती? गाईने एकदम भरपूर धान्य किंवा शिळी भाकरी-भात खाल्ला तर कोटीपोटात आम्ल वाढून अभिस्तर भाजतं. मेंदूपासून पोटापर्यंत येणारी व्हेगस चेता दुखावली तर भिंत शाबूत असूनही कोटीपोट नीट चालत नाही. आतडं स्वतःच्या चेताजाळ्यावर बराच वेळ चालू शकतं, कोटीपोटाच्या लाटांना मात्र मेंदूकडून व्हेगसमार्फत येणारा हुकूम लागतोच. आणि वैरणीतून तार किंवा खिळा गेला तर तो जड असल्यामुळे जाळीपोटाच्या खणांत अडकतो. जाळीपोटापुढे लगेच श्वासपटल, आणि त्यापुढे काही सेंटिमीटरवर हृदय. लाट आली की तार पुढे सरकते. अशी गाय पाठ वाकवून उभी राहते, कोपरं अंगापासून दूर धरते, उतारावर चालायला नको म्हणते, पुढे तिच्या गळ्याखालच्या लोंबत्या कातडीत, म्हणजे पोळीत, पाणी उतरतं. सुरुवात पचनसंस्थेत, शेवट हृदयाच्या आवरणात. कारण एवढंच की दोन अवयव शेजारी आहेत. ही शेजाराची गोष्ट पुस्तकातल्या वेगवेगळ्या रंगीत आकृत्यांत हरवते. पचनसंस्थेच्या पानावर हृदय नसतंच.

अवयवसंस्था लागतातच कशाला, हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. पेशी लहानच राहते. हत्तीच्या पेशी उंदराच्या पेशींपेक्षा सहसा फार मोठ्या नसतात, जास्त असतात. शेळीची तांबडी पेशी साधारण ३ मायक्रोमीटरची, कुत्र्याची ७. सूक्ष्मदर्शकाखाली दोन काचपट्ट्या शेजारी ठेवल्या की फरक लगेच दिसतो, आणि शरीराच्या आकाराशी त्याचा काही संबंध नाही हेही दिसतं. पेशीला प्राणवायू मिळतो तो झिरपून, आणि झिरपणं मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या पुढे फारसं उपयोगाचं राहत नाही. हायड्रासारख्या पाण्यातल्या चिमुकल्या जिवाला ते पुरतं, त्याची भिंत दोनच थरांची आणि दोन्ही बाजूंना पाणी. पाचशे किलोच्या गाईला पुरत नाही. म्हणून बहुतेक प्रत्येक पेशीच्या अगदी जवळून केशवाहिनी जायला हवी, म्हणून ती वाहिनी भरायला हृदय हवं, रक्तात प्राणवायू भरायला फुप्फुस हवं, घाण गाळायला मूत्रपिंड हवं. शरीर मोठं झालं, पेशी लहानच राहिली, आणि मधलं अंतर भरून काढायला संस्था आल्या. स्पंजाला यातलं काही नाही, त्याच्या पेशी आपापलं काम करतात आणि पाणी अंगातून वाहतं. प्लॅनेरिया नावाच्या कृमीला अवयव आहेत पण रक्त नाही, म्हणूनच तो चपटा राहिला.

कासेवर हे फार छान दिसतं. कासेत सूक्ष्म द्राक्षांचे घड असतात म्हण. प्रत्येक मणी आतून एकाच थराच्या पेशींनी मढवलेला, त्याच दूध बनवतात. मण्याभोवती दुसऱ्या, आकुंचन पावणाऱ्या पेशींची जाळी. एक लिटर दुधासाठी कासेतून ४०० ते ५०० लिटर रक्त फिरावं लागतं. तुमची गाय २० लिटर देत असेल तर दिवसाला आठ-दहा हजार लिटर, टँकरभर. दूध बनवते पेशी, पण तिला कच्चा माल पुरवायला अख्खं जनावर राबत असतं. आणि बनलेलं दूधही आपोआप खाली येत नाही. सड चोळले, वासराने ढुशी दिली, बादलीचा आवाज आला की चेतांमार्फत मेंदूला कळतं, मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून ऑक्सिटोसिन रक्तात येतं आणि मिनिटभरात त्या जाळीदार पेशी मणी पिळतात. यालाच आपण पान्हा म्हणतो. तो काही मिनिटंच टिकतो, म्हणून धार सलग आणि लवकर काढायची. गाय घाबरली, तिला मारलं, गोठ्यात कुत्रं आलं, की तेच गणित उलटं फिरतं. लोक म्हणतात, गाईने पान्हा चोरला. तिने काही चोरलेलं नसतं, भीतीचं संप्रेरक ऑक्सिटोसिनच्या आड आलेलं असतं.

एक गोष्ट तुझ्या क्रमात बसत नाही, ती सांगून टाकतो. कोटीपोटातल्या रसाच्या एका मिलिलिटरमध्ये अब्जावधी जिवाणू असतात, शिवाय आदिजीव. कडब्यातला तंतू गाईच्या स्वतःच्या पेशींना पचत नाही, तो हे जीव पचवतात, आणि त्यातून तयार होणारी आम्लं कोटीपोटाची भिंत शोषून घेते. गाईच्या ऊर्जेचा मोठा भाग तिथूनच येतो. हे जीव गाईच्या पेशी नाहीत, ऊती नाहीत, अवयव नाहीत, तरी त्यांच्याशिवाय ती गाय नाही. पेपरात हे लिहू नकोस, गुण मिळणार नाहीत. वैरण एकदम बदलायची नाही हे मात्र यासाठीच. नव्या वैरणीला लागणारे जीव वाढायला दोन-तीन आठवडे द्यावे लागतात.

उद्या सकाळी एक कर. शांत उभी असलेली, रवंथ करणारी गाय निवड. तिच्या डाव्या बाजूला जा, शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्यामधल्या खळग्यात, म्हणजे भकाळीवर, मूठ हळूच दाबून ठेव आणि घड्याळ लाव. दोन मिनिटांत दोन ते चार वेळा तुझी मूठ आतून उचलली जाईल. मग कान हातात धर, त्याची ऊब लक्षात ठेव. सहाही गाईंचं असं बघून ठेव, म्हणजे निरोगी कसं लागतं ते हाताला कळेल. आणि त्यांतली एखादी चौथ्या-पाचव्या वेताची व्याली, तर पहिले दोन दिवस सकाळ-संध्याकाळ हेच कर. कान गार लागले, लाटा मंदावल्या, चालताना मागचे पाय अडखळले, तर ती बसायची वाट बघू नकोस. तेव्हाच डॉक्टरांना फोन लाव.